सीताफळाला आच लागली की

आदिलाबादच्या बसस्टँडसमोर सीताफळांच्या टोपल्या दिसायला लागल्या की मी तारखा मोजायला लागते. बाकीच्यांना दसरा-दिवाळी जवळ आल्याचं कळतं, मला रिझल्ट जवळ आल्यासारखं वाटतं. माझा शेवटचा रिझल्ट लागून वीस-बावीस वर्षं झाली. आता मी स्वतः शाळेत शिकवते, मुलांचे पेपर तपासते. तरी ते हिरवं, डोळ्याडोळ्यांचं फळ दिसलं की माझा परीक्षेचा नंबर आठवतो.

टोपल्या घेऊन येणाऱ्या बाया रानाकडच्या. पळसाच्या पानांवर फळं मांडून बसतात, आणि भाव सांगायच्या आधी एकच विचारतात, "कवा खातं बाई?" आज खायचं असेल तर एका ढिगातलं देतात, उद्या-परवा असेल तर दुसऱ्या. या गुरुवारी मी म्हटलं, "रविवारी. अकरा वाजता." ती बाई शेजारणीकडे बघून हसली.

"अकरा वाजता म्हणे! फळाच्या हातात घड्याळ हाये का बाई?"

तरी तिनं एकेक फळ हातात घेऊन, डोळ्यांमधली फट किती पांढरी झाली ते बघून, बारा फळं निवडून दिली. "हे आठ होतीन रविवारपर्यंत. हे चार राह्यले तं राह्यले," असंही सांगितलं. मी पिशवी अंगाशी धरून रिक्षात बसले. दुसऱ्या कोणाचा धक्का लागू नये म्हणून बसतात तशी.

रविवारी अकरा वाजता माझ्या कॉलेजातल्या अरुणा मॅडम येणार होत्या. त्यांचा फोन आला होता बुधवारी संध्याकाळी. "सुजाता, रविवारी मी येतो. अकरा वाजता. नाश्ता नको, जेवण पण नको. तुझ्या आईचा ते सीताफळवाला धिरडी कर." मॅडम तेलुगू. पस्तीस वर्षं आदिलाबादेत राहून मराठी अस्खलित बोलतात, फक्त स्त्रीलिंग-पुल्लिंगाशी त्यांचं कधी जमलं नाही. एरवी मला त्यांच्या "मी येतो"चं हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. कारण त्याच दिवशी हैदराबादहून त्यांचा रिपोर्ट आला होता, हे मला ठाऊक होतं. गळ्याजवळ एक गाठ होती. बोराएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. मी "मॅडम, रिपोर्ट..." म्हणेपर्यंत फोन बंद झाला. परत लावायला बोट उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

मॅडमची ही जुनी खोड आहे. बातमी चांगली असो की वाईट, त्या फोनवर सांगत नाहीत, चिठ्ठीत लिहीत नाहीत, तिसऱ्याच्या हाती पाठवत नाहीत. समोर येऊन, तुमच्या हातात देतात. त्यामुळे त्यांच्या गप्प राहण्यावरून काहीच ताडता येत नाही. बुधवारपासून रविवारपर्यंत मी तेच ताडत बसले होते.

सीताफळ मला पहिल्यांदा दाखवलं ते मॅडमनीच. तसं लहानपणापासून खात होते. पेनगंगेच्या काठाला, जैनथकडच्या आमच्या गावात, धुऱ्या-बांधावर सीताफळाची झुडपं कोणी लावत नाही, ती असतातच. पण मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, आणि मी डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला त्यांच्याच विषयात नापास झाले होते. बाकी सगळे पेपर निघाले, तोच अडकला. आमच्या घरात, आमच्या आळीत डिग्रीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. नापास होण्याचीही आमच्याकडे कोणाला सवय नव्हती. माझे आई-बाबा दोघंही दुसऱ्याच्या वावरात राबून मोठे झालेले. बाबांना वाटलं, एक पेपर गेला म्हणजे थोडंसंच गेलं, बाकीचं तर आहे ना. त्यांना समजावून सांगताना मला इतकी लाज वाटली की मी अर्धवटच सांगितलं.

पुरवणी परीक्षेआधी मॅडमनी मला घरी बोलावलं. गच्चीवर चटई टाकली आणि एक सीताफळ फोडून समोर ठेवलं.

"यात किती फळ आहे?"

"एक."

"परत बघ."

"एकच आहे, मॅडम."

"म्हणूनच नापास झाला तू," असं म्हणून त्यांनी गराचा एकेक कप्पा सुईनं सुटा केला. एका फुलातून आलेली ही पुष्कळ फळं, त्या म्हणाल्या. प्रत्येकाचं बी वेगळं, प्रत्येकाचा गर वेगळा, नुसती एकमेकांना धरून बसली आहेत. बाहेरून दिसणारा एकेक डोळा म्हणजे एकेक फळ. मी मोजत बसले. त्या हसल्या. "मोजायचं नाही. समजायचं." मग आम्ही दोघींनी ती सगळी फळं खाऊन टाकली आणि बिया कागदावर मांडल्या. पेपर मी ऑगस्टच्या अखेरीला दिला. आणि मग वाट बघणं सुरू झालं.

ती दोन महिन्यांची वाट म्हणजे माझ्या आयुष्यातला सीताफळांचा मोसम. नापास झाले तर काय, हे घरात ठरलेलं होतं. नदीपलीकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बरा होता, त्याच्या लोकांना मुलगी शिकलेली हवी होती पण 'डिग्री पास'च हवी असं नव्हतं. बाबा म्हणाले होते, पास झाली तर तुझ्या मर्जीनं पुढं शिक, नाही झाली तर आमच्या मर्जीनं त्या घरी जा. दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच आवाजात म्हटली होती. मला बी.एड. करायचं होतं. सकाळी आईबरोबर कापूस वेचायला जायचे तेव्हा बोंडातून कापूस ओढताना प्रत्येक बोंडाला मी मनात विचारायचे, पास, नापास, पास. चार पाकळ्यांचं बोंड निघालं तर पास, पाचांचं निघालं तर नापास. मग पाचांचं निघालं की मी नियम बदलायचे.

बटईनं केलेल्या दोन एकरांतला कापूस घरातच साठवलेला असायचा. पुढची खोली गुडघ्यापर्यंत पांढरी. एका कोपऱ्यात खाट, आणि खाटेवर जायचं तर कापसातून चालत जायचं. आमच्याकडे सीताफळं पिकवायला आढी कोणी लावत नाही. कापसाच्या ढिगात खुपसून ठेवतात. आतल्या उबेत दोन दिवसांत फळ मऊ होतं. फक्त विसरायचं नाही, नाहीतर फळ फुटतं आणि कापसाला डाग पडतो. आई रोज सकाळी खांद्यापर्यंत हात घालून, ढिगाच्या पोटात चाचपून, एकेक फळ दाबून बघायची. तिचा चेहरा तेव्हा दायीसारखा गंभीर व्हायचा.

आज सकाळीही माझी फळं कापसातच होती. शहरातल्या घरात कापसाचा ढीग कुठला! जुन्या उशीचा कापूस काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरला होता. साडेआठला हात घातला तर बाईनं सांगितल्याप्रमाणे आठ फळं मऊ लागली, चार तशीच दगड. मला एवढाच हिशेब बरोबर आला याचंही बरं वाटलं. माणूस घाबरला की कशातही शकुन बघतो.

नववीतली माझी मुलगी ओट्याशी आली. "आई, याला ब्रंच म्हणतात. नाश्ता पण नाही, जेवण पण नाही. आणि हे जे तू करून राह्यली ना, ते फ्रूट पॅनकेक."

"हे धिरडं आहे."

"तेच ते. फक्त आपलं पातळ असते." तिनं मिक्सरचं भांडं पुढं केलं. "गर यात फिरवू?"

मी इतक्या जोरात "नको" म्हटलं की ती दचकली. सीताफळाची बी फुटली तर सगळं वाया. चाळणीत गर घेऊन बोटांनी हळूहळू फिरवायचा, बिया वर राहतात, गर खाली पडतो. तिनं चाळणी घेतली. बोटं फिरवता फिरवता सहज विचारलं, "मॅडम आजींचा रिपोर्ट काय आला?"

"माहीत नाही."

"मग विचार ना."

तिच्या वयात विचारणं किती सोपं असतं.

तेवढ्यात आईचा फोन. आई गावी असते, भावाकडे. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. तिला कानानं कमी ऐकू येतं म्हणून ती ओरडून बोलते, आणि फोन स्पीकरवर नसला तरी घरभर ऐकू जातो.

"आल्या का वं मॅडम?"

"नाही अजून. अकराला येतो म्हणाल्या."

"काय निंगालं म्हणते त्या गाठीत?"

"सांगितलं नाही गं."

मग आई म्हणाली, "तवा लय तापू देऊ नको. आन् गर तव्यावर टाकू नको बरं. खाली काढ, जरासं थंडं होऊ दे, मंग भर. आच लागू देऊ नको."

"माहीत आहे आई."

"तुले माहीत हाये. मले बी माहीत होतं," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

सीताफळाचं हे एक विचित्र आहे. इतकं गोड फळ, पण त्याला आच लागली की कडू होतं. आंब्याचा रस आटवता येतो, केळं तळता येतं, सीताफळाला विस्तव चालत नाही. म्हणून धिरडं आधी करायचं. कणीक, मूठभर तांदळाचं पीठ, गुळाचं पाणी, चवीला मीठ. पातळ घालायचं, दोन्हीकडून भाजून सराट्यानं खाली काढायचं, फडक्यावर पसरून वाफ जाऊ द्यायची. हाताला नुसतं कोमट लागलं की मग गर पसरायचा आणि घडी घालायची. थांबण्याचंच काम आहे सगळं. एवढंसं थांबायला जमत नसेल त्यानं हे करू नये.

त्या वर्षी मॅडमचा निरोप आला होता शनिवारी, जैनथहून येणाऱ्या ऑटोवाल्याकडून. रिझल्ट लागला आहे, मी रविवारी तुमच्या घरी येते. एवढाच. काय लागला ते नाही. बाबांनी ऑटोवाल्याला तीनतीनदा विचारलं, बाई हसत होत्या का? तो म्हणाला, "मले काय ठाऊक बावा, मी समोर पाहून गाडी चालवत होतो."

रविवारी आई वेचणीला गेली नाही. चुलीपुढं बसून तिनं पहिला प्रश्न केला तो रिझल्टचा नव्हता. "त्या आपल्या घरचं खातीन का?" असं तिनं विचारलं, आणि माझ्याकडे न बघता पीठ कालवायला घेतलं. मी म्हटलं, खातील. पण मला खात्री नव्हती. गावात बाहेरून येणारे लोक आमच्या आळीत चहा 'आत्ताच घेतला' म्हणून टाळायचे. मॅडमच्या घरी मी जेवले होते, पण त्या आमच्या घरी कधी आल्या नव्हत्या. म्हणजे त्या दिवशी आमच्या घरात दोन रिझल्ट लागायचे होते. आई त्यातल्या एकाची वाट बघत होती आणि मी दुसऱ्याची.

बाबांची तयारी वेगळीच चालली होती. ते मोसमात आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये कापसाचे बोरे उचलायला जात. तिथला मुकादम तेलुगू. कोणी कामाला जाऊन परत आलं की तो लांबूनच ओरडायचा, "काया? पंडा?" तेलुगूत काया म्हणजे कच्चं फळ आणि पंडू म्हणजे पिकलेलं. गेलेलं काम झालं की नाही, हे ते लोक असं विचारतात. कच्चं की पिकलं? बाबांना हे फार आवडलं होतं. मॅडमना आपण त्यांच्या भाषेतच विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. धुतलेला सदरा घालून ते दारात उभे होते आणि ओठातल्या ओठात म्हणत होते, काया, पंडा. काया, पंडा.

ऑटो थांबल्याचा आवाज आला तशी मी आत पळाले. चुलीच्या मागं, आईच्या पाठीला पाठ लावून बसले. पुढं जे झालं ते मी पाहिलेलं नाही, बाबांनी नंतर शंभरदा सांगितलेलं आहे. मॅडम आल्या, चपला काढून कापसातून चालत खाटेवर जाऊन बसल्या. शेजारच्या ढिगातून एका सीताफळाचं डोकं बाहेर आलेलं. त्यांनी ते उचललं, अंगठ्यानं दाबून बघू लागल्या. नेमक्या त्याच वेळी बाबांनी हात जोडून विचारलं, "मॅडम, काया? पंडा?"

मॅडम फळाकडेच बघत होत्या. त्या म्हणाल्या, "इंका काये."

अजून कच्चंच आहे.

आणि फळ परत कापसात ठेवून दिलं.

बाबा आत आले. आईच्या कानाशी वाकले. "नाही झाली," म्हणाले. एवढंच.

चुलीत एक लाकूड तडकलं. मग आई म्हणाली, "धिरडं तं द्या लागंन. बाई येवढ्या दुरून आली." तिनं तव्यावर पीठ घातलं. पदरानं डोळे पुसले, म्हणाली धूर लय झाला. आणि गराचा गंज जवळ ओढून, धिरडं तव्यावर असतानाच, चुलीवरच, त्यात पळीभर गर ओतला. मी बघत होते. जन्मभर जिनं मला "आच लागू देऊ नको" सांगितलं, ती हे करत होती आणि मला तिला थांबवावंसं वाटलं नाही. गर चरचरला. तिनं घडी घातली आणि ताटली बाबांच्या हातात दिली.

बाहेरून मॅडमचा आवाज आला, "सुजाता कुठं आहे? तिची आई कुठं गेला?"

"कामात हाये जी, मायलेकी," बाबा म्हणाले.

मॅडमनी एक धिरडं खाल्लं. आईनं दुसरं पाठवलं. तेही खाल्लं. आईनं तिसरं पाठवलं. आई बाहेर जात नव्हती, कारण तिला रडलेलं तोंड दाखवायचं नव्हतं. मॅडम कागद बाहेर काढत नव्हत्या, कारण त्यांना तो आईच्या हातात द्यायचा होता. आई येत नाही म्हणून त्या खात राहिल्या आणि त्या खातात म्हणून आई करत राहिली. असा अर्धा तास गेला असेल. मला तो अर्धा तास अजून संपलेला नाही असं कधीकधी वाटतं.

चौथं धिरडं तव्यावर असताना दारात सावली पडली. मॅडम वाकून आत आल्या, हातात रिकामी ताटली.

"अम्मा, बस आता! तुम्ही बाहेर येतच नाही. मी किती खाऊ?"

त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि आईच्या पिठाच्या हातात ठेवला. आईला वाचता येत नव्हतं. तिनं तो माझ्याकडे दिला. मला वाचता येत होतं, पण त्या क्षणी येईना. माझा नंबर दिसला, पुढचं अक्षर दिसलं, तरी अर्थ लागेना.

"काय लिवलं हाये त्यात?" आईनं विचारलं.

"पास," मी म्हटलं.

बाबा दारातून म्हणाले, "पण मॅडम, तुमी तं काया म्हटलं!"

"कधी?" मॅडमनी आठवलं. मग त्यांचे डोळे मोठे झाले. "अय्यो! ते मी सीताफळाला म्हटलं!"

त्या जशा हसायला लागल्या तशा बाहेरच्या खोलीत जाऊन कापसाच्या ढिगावरच बसल्या, साडीला कापूस, केसांत कापूस. बाबांना हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. आई चुलीपाशीच होती. तव्यावरचं चौथं धिरडं तिनं उतरवलं, एक घास तोडून तोंडात टाकला, आणि ओरडली, "अवं माय वं! हे तं जहर हाये!"

"हां, कडू होता थोडा," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं तुमच्यात असाच करतात."

"तीन खाल्ले की हो तुमी!"

"तुम्ही दिले, मी खाल्ले."

आई मग खूप दिवस हेच सांगायची सगळ्यांना. पोरगी पास झाली हे नंतर सांगायची. आधी सांगायची, मॅडमनं माह्या हातचे तीन कडू धिरडे खाल्ले, एक शब्द बोलल्या नाहीत.

मी पुढं बी.एड. केलं. नोकरी लागली. त्या सगळ्या वाटेवर मॅडम कुठं कुठं उभ्या होत्या ते सांगायला बसले तर त्यांना आवडणार नाही. एकदा मी कृतज्ञता वगैरे शब्द वापरून बोलायला लागले होते. त्या म्हणाल्या, "पेपर तू लिहिला. मी फक्त फळ फोडला." मी विषय बदलला. पण मनात ठेवलेलं आहे सगळं.

त्या अर्ध्या तासाचा विचार मी या चार दिवसांत फार केला. मी पास झालेले होते. कागदावर छापलेलं होतं, कागद मॅडमच्या पर्समध्ये होता, पर्स आमच्याच खाटेवर होती. आणि भिंतीच्या अलीकडे आम्ही नापास झालेल्या घरासारखे बसलो होतो. मग आताही तसंच आहे की. रिपोर्टात जे लिहायचं ते लिहून झालेलं आहे. माझ्या घाबरण्यानं त्यातली एक मात्रा बदलणार नाही. हे मी स्वतःला समजावते, विद्यार्थ्यांना समजावते तशी, मुद्देसूद. आणि पुन्हा घड्याळ बघते. मराठीत काया म्हणजे शरीर. इतकी वर्षं दोन भाषांतले हे दोन शब्द माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत होते. बुधवारपासून ते एकमेकांत मिसळले आहेत.

अकराला पाच मिनिटं असताना ऑटो थांबला. मुलीनं दार उघडलं. "या ना आजी." मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "बसा मॅडम, आलेच." गेले मात्र नाही. तव्यावर धिरडं होतं, हे खरं. पण धिरडं काय, गॅस बारीक करून दोन मिनिटं राहिलं असतं. बाहेर मॅडम मुलीला शाळेचं विचारत होत्या. आवाज नेहमीसारखाच वाटला. मग वाटलं, जरा ओढलेला आहे. मग वाटलं, नाही. मुलगी आत येऊन ताटली घेऊन गेली. मी दुसरं घातलं. "आई, आजी विचारतात तू कुठं आहेस." "आले म्हण." मी तिसरं घातलं. माझ्या पाठीमागं माझी आई बसलेली असावी असं मला क्षणभर वाटलं, पण खरं म्हणजे तिच्या जागेवर मीच उभी होते.

पावलं वाजली. मॅडम दारात उभ्या होत्या. गळ्याला पांढरी पट्टी, हातात ताटली, ताटलीत धिरड्याचा अर्धा तुकडा.

"सुजाता, हे कडू आहे."

मी खाली पाहिलं. तव्यावर धिरडं होतं आणि त्यावर सीताफळाचा गर चरचरत होता. पळी माझ्याच हातात होती. पहिल्यातही मी तेच केलेलं असणार. दुसऱ्यातही.

"तू पण आईसारखाच," मॅडम म्हणाल्या. "घाबरला की तव्यावर भरतो." त्यांनी उरलेला अर्धा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावून गिळला. मला रडू आवरेना. ओट्यावर खोकं होतं, त्यातली चार फळं अजून कापसात होती. मॅडमनी एक उचललं. त्यांचे हात आता थरथरतात, पण अंगठा तसाच आहे. त्यांनी फळ दाबून बघितलं, उलटून देठाकडून बघितलं, पुन्हा दाबलं.

मी विचारलं. बाबांनी विचारलं होतं तसंच, हात जोडून.

"मॅडम... काया? पंडा?"

"गाठ साधी आहे," त्या म्हणाल्या. "काढून टाकायचा, बस. डॉक्टरनं लिहून दिला आहे, तुझ्या हातात देतो, तू वाच." आणि मग फळ माझ्यापुढं धरून, हसत, "इंका काये."

अजून कच्चीच आहे मी, एवढ्यात गळून पडणार नाही, असं त्या सांगत होत्या.

ज्या शब्दानं आमच्या चुलीपुढं एकदा अंधार झाला होता, तोच शब्द. मी गॅस बंद केला. मॅडमनी ते सीताफळ परत कापसात ठेवलं, वरून दोन मुठी कापूस ओढून नीट झाकलं आणि म्हणाल्या, "हे राहू दे. पुढच्या रविवारी खाऊ."